खर्रा, बिअर आणि वाढत्या वयाचा मेंदू

गेल्या श्रावणातली गोष्ट. तापाची साथ असल्याने दवाखान्यात गर्दी होती. त्या गर्दीत एक आई-वडील आपल्या सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा बारावी विज्ञानला, दहावीत चांगले गुण मिळवलेला. आईने सांगायला सुरुवात केली, "डॉक्टरसाहेब, हा रात्रभर जागाच राह्यते. धड जेवत नाही, कोणाशी बोलत नाही. काही म्हटलं का अंगावर धावून येते. याले एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या."

वडील म्हणाले, "बारावीचं टेन्शन आहे जी. दुसरं काही नाही."

मी मुलाला तपासले. नाडी थोडी जलद होती. ताप नव्हता, रक्तदाब ठीक होता. "आ कर" म्हटल्यावर त्याने तोंड उघडले, तेव्हा उजव्या गालाच्या आतली बाजू पांढुरकी आणि सुरकुतलेली दिसली. आपल्या विदर्भात दवाखाना चालवणाऱ्याला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. मी आई-वडिलांना पाच मिनिटे बाहेर बसायला सांगितले.

"दिवसाचे किती होतात?" मी विचारले.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पाच-सहा."

"कधीपासून?"

"नववीपासून. तेव्हा एखादाच खात होतो."

"आणि शनिवारी मित्रांबरोबर?"

"बिअर. कोणाचा वाढदिवस असला तर दुसरं."

मग मान वर करून तो म्हणाला, "सर, खरं सांगतो. खर्रा टाकला का डोकं शांत होते. नाही टाकला तर पुस्तकातली ओळ समजत नाही. टेन्शनवर तेच औषध आहे."

वाचकहो, हा मुलगा खोटे बोलत नव्हता. खर्रा तोंडात टाकल्यावर त्याला खरोखरच बरे वाटत होते. पण आठवीत असताना याच मुलाला रात्री छान झोप लागत होती आणि खर्ऱ्याशिवायही पुस्तक समजत होते. मग मधल्या काळात काय बदलले? त्याचे उत्तर मेंदूतल्या रसायनांत आहे. आज ते समजून घेऊ.

सेरोटोनिन म्हणजे काय?

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. त्या एकमेकींना चिकटलेल्या नसतात. दोन पेशींमध्ये अतिशय बारीक फट असते. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवण्यासाठी त्या फटीत रसायन सोडले जाते. या रसायनांना संदेशवाहक म्हणतात. सेरोटोनिन हे त्यांपैकीच एक.

१९४८ साली अमेरिकेत रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या शास्त्रज्ञांनी ते रक्तद्रवातून वेगळे केले. १९५३ साली बेटी ट्वारोग या तरुण संशोधिकेने पेज यांच्याबरोबर ते मेंदूतही असल्याचे दाखवले. शरीरातील बहुतांश सेरोटोनिन आतड्यात असते. मेंदूतले प्रमाण अगदी थोडे, पण त्याचा पसारा मोठा. ते तयार करणाऱ्या पेशी मेंदूच्या देठात, म्हणजे मानेच्या वरच्या बाजूला, एका छोट्या पट्ट्यात असतात. तिथून त्यांचे तंतू साऱ्या मेंदूभर जातात. धरण एका कोपऱ्यात असते, पण त्याच्या पाटचाऱ्या गावोगावच्या शेतात पोचतात, तसेच हे आहे.

झोप, भूक, मनाची स्थिती, रागावरचा ताबा, 'थोडे थांबू, मग करू' हा संयम, या सगळ्यांत सेरोटोनिनचा वाटा असतो. वर्तमानपत्रांत त्याला 'आनंदाचे रसायन' म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. सेरोटोनिन कमी झाले म्हणून माणूस उदास झाला, इतका हा हिशेब सोपा नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात आजवरची संशोधने तपासली गेली, तेव्हा नैराश्याला फक्त सेरोटोनिनची कमतरता कारणीभूत असल्याचा ठाम पुरावा सापडला नाही. अनेक संदेशवाहक एकत्र काम करतात, त्यांतले हे एक महत्त्वाचे, एवढे लक्षात ठेवावे.

काही वाचक विचारतात, केळ्यात सेरोटोनिन असते, मग रोज केळी खाऊन मन प्रसन्न राहील का? केळी जरूर खावीत, पण पोटातले सेरोटोनिन रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही. मेंदू ते स्वतःच तयार करतो. त्यासाठी लागणारा ट्रिप्टोफॅन नावाचा घटक डाळी, दूध, शेंगदाणे, अंडी अशा साध्या प्रथिनयुक्त आहारातून मिळतो.

निकोटिनचे काम

खर्ऱ्यात तंबाखू, सुपारी आणि चुना असतो. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन गालाच्या आतल्या पातळ अस्तरातून लवकर रक्तात उतरते. बिडी-सिगारेटच्या धुरातून तर ते काही सेकंदांत मेंदूत पोचते.

मेंदूत असिटिलकोलिन नावाचा एक नैसर्गिक संदेशवाहक आहे. निकोटिनचा आकार त्याच्याशी इतका जुळतो की त्याच्यासाठी बनवलेली कुलपे निकोटिनही उघडते. कुलूप उघडले की पेशी डोपामिन, सेरोटोनिन अशी इतर रसायने सोडतात. माणसाला तरतरी येते, मन हलके होते. 'हे पुन्हा कर' अशी खूणगाठ मेंदू बांधून ठेवतो.

पण रक्तातले निकोटिन साधारण दोन तासांत निम्मे होते. इकडे रोजच्या माऱ्याला मेंदू सरावलेला असतो. त्याने आपली यंत्रणा त्यानुसार बदललेली असते. निकोटिन उतरू लागले की अस्वस्थता येते, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, मन उदास होते, झोप मोडते. आता पुन्हा त्या आईची तक्रार वाचा. झोप नाही, बोलत नाही, अंगावर धावून येतो. यातली बहुतेक लक्षणे निकोटिन उतरल्याची आहेत. पुढचा खर्रा ती लक्षणे दोन तास दूर करतो आणि मुलाला वाटते की खर्ऱ्याने टेन्शन गेले. सावकाराकडून व्याजाने पैसे घेऊन त्याच सावकाराचा हप्ता भरण्यासारखे हे आहे.

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणखी एक गोष्ट घडते. वापरून झालेले सेरोटोनिन आणि डोपामिन मोडून टाकणारे मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाचे विकर मेंदूत असते. १९९६ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या जोआना फाउलर आणि सहकाऱ्यांनी धूम्रपान करणाऱ्यांच्या मेंदूची छायाचित्रे घेतली. या विकराचा एक प्रकार त्यांच्यात सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळला. हा परिणाम निकोटिनचा नसून धुरातील इतर घटकांचा आहे. म्हणून धूम्रपानाची पकड अधिक घट्ट होते, असे शास्त्रज्ञ मानतात.

दारूचे काम

दारू मेंदूतल्या एकाच कुलपावर काम करत नाही. ती अनेक संदेशवाहकांत ढवळाढवळ करते. पहिल्या एक-दोन पेल्यांत सेरोटोनिन काहीसे वाढते आणि त्याच्या एका प्रकारच्या कुलपाची संवेदनशीलताही वाढते. भीड चेपते, हसू येते, मुलगा मित्रांत मोकळा होतो. पण पिणे वरचेवर होऊ लागले की मेंदू जुळवून घेतो आणि दारू उतरल्यावर सेरोटोनिनचे काम मंदावते. दुसऱ्या दिवशीची मरगळ, विनाकारण वाटणारी भीती, रडू येणे यांत त्याचा भाग असतो.

दारूने झोप येते, हाही एक गैरसमज. डोळा लवकर लागतो हे खरे, पण उत्तररात्री झोप तुटते. शनिवारी बिअर पिणारा मुलगा रविवारी दुपारपर्यंत लोळतो, तरी त्याची झोप झालेली नसते.

सर्वांत धोक्याची गोष्ट रागाची आणि टोकाच्या निर्णयाची. फिनलंडमधील संशोधकांनी १९८० आणि १९९० च्या दशकांत, दारूच्या आहारी गेलेल्या आणि रागाच्या भरात हिंसा केलेल्या पुरुषांच्या पाठीच्या कण्यातील द्रव तपासला. सेरोटोनिन मोडल्यावर जो पदार्थ उरतो, तो त्यांच्यापैकी अनेकांत कमी आढळला. सेरोटोनिन कमी म्हणून दारू लागली की दारूने ते कमी झाले, हे अशा तपासणीतून पक्के ठरत नाही. दोन्ही गोष्टी एकमेकींना वाढवत असाव्यात. परंतु नशेत माणूस जे करतो ते शुद्धीवर असता तर केले नसते, हे प्रत्येक तालुक्यातल्या डॉक्टरने अपघात विभागात पाहिलेले आहे. आधीच खचलेल्या मुलाच्या हाती दारू पडणे जिवावर बेतू शकते.

कोवळ्या वयात धोका जास्त का?

सतराव्या वर्षी मुलगा बापाच्या खांद्याला लागतो, मिसरूड फुटते, पण त्याच्या मेंदूचे बांधकाम संपलेले नसते. १९९९ साली अमेरिकेत जे गीड आणि सहकाऱ्यांनी वाढत्या मुलांच्या मेंदूची पुन्हा पुन्हा एमआरआय तपासणी करून दाखवले की किशोरवयातही मेंदूत मोठे फेरबदल चालू असतात. कपाळामागचा भाग, जो विचार, संयम आणि परिणामांचा अंदाज सांभाळतो, तो सर्वांत शेवटी, साधारण पंचविशीपर्यंत तयार होतो. मौजेची ओढ लावणारा भाग मात्र आधीच जोरात चालू झालेला असतो.

सेरोटोनिन निरोप तर पोचवतेच, शिवाय गर्भावस्थेपासून वाढत्या मेंदूत पेशींच्या वाढीला आणि जोडणीला दिशाही देते. बांधकाम चालू असताना गवंड्याच्या हातातली ओळंब्याची दोरी कोणी सारखी हलवत राहिले तर भिंतीचे काय होईल, याची कल्पना करा. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या थिओडोर स्लॉटकिन यांच्या प्रयोगशाळेत किशोरवयीन उंदरांना निकोटिन दिले गेले. निकोटिन थांबवल्यानंतर, ते उंदीर प्रौढ झाल्यावरही, त्यांच्या मेंदूतील सेरोटोनिनच्या यंत्रणेत बदल दिसत राहिले. असे प्रयोग मुलांवर करता येत नाहीत आणि करूही नयेत. उंदराचे निष्कर्ष जसेच्या तसे माणसाला लागू होतात असेही नाही. पण माणसांतील पाहणी त्याच दिशेने बोट दाखवते. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, पंधराव्या वर्षाआधी दारू सुरू केलेल्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक लोक पुढे कधी ना कधी दारूच्या अधीन झाल्याचे आढळले. विशीत किंवा नंतर सुरू केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १० टक्के होते. घरची परिस्थिती, आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो, तरी फरक लहान नाही.

आपल्याकडे २०१९ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १५ वर्षे वयाच्या शाळकरी मुलांपैकी ८.५ टक्के मुले कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू वापरत होती. साठ मुलांच्या वर्गात ही पाच मुले झाली.

माझी एक जुनी चूक

मी दवाखाना सुरू केला त्याला फार वर्षे झाली नव्हती, तेव्हा अशाच एका मुलाला त्याची आई घेऊन आली होती. तक्रारी त्याच. बाहेर रांग होती. मी त्याच्या तोंडात बॅटरी मारून पाहिले नाही. काय खातोस, काय पितोस, हे विचारले नाही. एक टॉनिक आणि झोपेच्या चार गोळ्या लिहून दिल्या आणि "परीक्षा झाली की ठीक होईल" असे सांगून पाठवून दिले.

तो पुन्हा आला तेव्हा तिशीत होता. बरोबर बायको होती. तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते, भाकरी पाण्यात कालवून खावी लागत होती. रोज संध्याकाळी दारू लागत होती. शिक्षण बारावीतच सुटले होते. मी त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवले, दारू सोडण्याचे उपचार सुरू केले. त्याचा उपयोगही झाला. पण सुपारीने आखडलेले तोंड पूर्ववत होत नाही आणि मधली तेरा-चौदा वर्षे कोणी परत देत नाही. पहिल्याच भेटीत पाच मिनिटे दिली असती तर त्याचे सगळे भलेच झाले असते, असा दावा मी करणार नाही. पण ती पाच मिनिटे मी दिली नाहीत, हे खरे आहे. तेव्हापासून झोपेची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येक मुलाचे तोंड मी पाहतो.

पालकांनी काय करावे?

१. मुलाची झोप, भूक, वागणे दोन आठवड्यांहून अधिक काळ बदललेले दिसले तर 'वयच असे आहे' म्हणून सोडून देऊ नका. तंबाखू-दारूविषयी विचारा, पण चारचौघांत किंवा हातात काठी घेऊन विचारू नका. मार खाल्लेला मुलगा सवय सोडत नाही, लपवायला शिकतो.

२. मुलाला पानठेल्यावर खर्रा किंवा तंबाखू आणायला पाठवू नका. अनेक मुलांची पहिली ओळख तिथेच होते. १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत ती विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लग्नात, वरातीत "घे रे एक घोट" म्हणणाऱ्या मामा-काकांनीही हे लक्षात ठेवावे.

३. औषध दुकानातून परस्पर झोपेची किंवा 'मन शांत करणारी' गोळी आणू नका. अशा गोळीवर दारू प्यायल्यास श्वास बंद पडण्याचा धोका असतो. नैराश्यावरची, सेरोटोनिनवर काम करणारी औषधे चांगली आहेत. पण तरुण मुलांत ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात.

४. मुलगा "जगून काय उपयोग" अशा अर्थाचे काही बोलला तर ती धमकी समजू नका. त्याला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शासनाच्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तो मोफत आहे.

सोडताना काय होते?

तंबाखू बंद केल्यावर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड, डोकेदुखी, बेचैनी वाढते. दोन ते चार आठवड्यांत ती बरीच ओसरते. तलफ येते ती काही मिनिटांत जाते. तेवढा वेळ पाणी प्यावे, बडीशेप चघळावी, घराबाहेर एक चक्कर मारावी. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर सल्ला मिळतो. निकोटिनचे च्युइंगम मुलांना डॉक्टरांना विचारूनच द्यावे. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने मात्र ती घरच्या घरी एकदम बंद करू नये. झटके येऊ शकतात. त्यासाठी डॉक्टरांची मदत घ्यावी.

"तंबाखू सोडली तर माझे मन आणखी बिघडेल" ही भीती अनेकांना असते. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अनेक संशोधने एकत्र तपासली गेली. धूम्रपान सोडलेल्या लोकांची चिंता आणि उदासी, ते चालू ठेवणाऱ्यांच्या तुलनेत, कमी झालेली आढळली. पहिले काही आठवडे तग धरला तर मन सुधारते, हे त्यातून दिसते. मेंदू तरुण असल्याचा हा फायदाही आहे. तो जसा लवकर बिघडतो, तसा नवे वळणही लवकर घेतो. पहाटे उठून मैदानावर धावणे, दिवसा उजेडात वावरणे, ठरलेल्या वेळी झोपणे यांनी त्याला मदत होते.

त्या श्रावणातल्या दिवशी मी मुलाच्या परवानगीने आई-वडिलांना आत बोलावले आणि सगळे समोर मांडले. आईच्या डोळ्यांत पाणी आले. वडील मुलावर ओरडायला उठले. त्यांच्याच शर्टाच्या खिशातून खर्ऱ्याची पन्नी डोकावत होती. मी काही बोललो नाही, नुसते तिकडे पाहिले. ते खाली बसले.

पहिल्या महिन्यात मुलगा दोनदा घसरला. पोळ्याच्या दिवशी मित्रांनी खाऊ घातला, मग सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री. दोन्ही वेळा तो स्वतः येऊन सांगून गेला. मी पुन्हा तारीख लिहून दिली. बिअरची शनिवारची मैफल त्याने सोडली, कारण मित्रांनी त्याच वेळी कबड्डी सुरू केली. संक्रांतीला तो तिळगूळ द्यायला आला, तेव्हा तीन महिने झाले होते. झोप रात्री अकराला लागते म्हणाला. गालाच्या आतला पांढरेपणा अजून आहे, दर दोन महिन्यांनी तो तपासायचा आहे.

वडिलांचे सहाचे दोनवर आले आहेत. ते आणायला आता ते स्वतः जातात.